लाइव्ह एकदम क्लिअर, पण रेकॉर्डिंग फाटतं : दोन ट्यूनरच्या बॉक्समधला परत परत येणारा सिग्नलचा त्रास

आमच्या घरी रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स आहे, दोन ट्यूनरचा (ट्यूनर म्हणजे बॉक्समधला चॅनेल पकडणारा भाग), आत हार्ड डिस्क असलेला. आई रोज संध्याकाळी भजनाला जाते त्यामुळे तिच्या सातच्या आणि साडेसातच्या दोन्ही सिरियल रेकॉर्डिंगला लावलेल्या असतात, रात्री जेवणं आटोपली की ती निवांत बसून पाहते. दिवसभरातला तिचा स्वतःचा म्हणावा असा तेवढाच एक तास. फेब्रुवारीपासून असं होऊन राहिलं होतं की रेकॉर्डिंग सुरू केलं की दहा मिनिटं बरं चालायचं, मग चित्राचे चौकोन चौकोन, आवाज तुटक, मधे दोन-चार मिनिटं काळा पडदा, मग परत नीट. आणि रोज नाही बरं का, एक दिवस खराब, एक दिवस चांगलं, कधी दोन दिवस सलग चांगलं. टीव्ही लाइव्ह पाहिला तर कधीच काही नाही, चित्र एकदम स्वच्छ.

तीन वेळा माणूस बोलावला. पहिल्याने छत्री थोडी इकडून तिकडे फिरवली, दुसऱ्याने एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडून केबलमध्ये पाठवणारा डबा) बदलून पैसे घेतले, तिसरा म्हणे भाऊ सिग्नल तं फुल आहे, तुमचा बॉक्सच गेला, नवीन घ्या. तिघांनीही टीव्ही लावून चॅनेल फिरवून पाहिले आणि निघाले, खराब झालेलं रेकॉर्डिंग लावून बघा म्हटलं तर कोणी थांबलं नाही. मला याचाच सगळ्यात जास्त राग आला, कारण तक्रार रेकॉर्डिंगची होती आणि तपासणी लाइव्हची होत होती. शेवटी मीच दोन आठवडे मागे लागून शोधलं आणि सापडलं ते इतकं साधं होतं की हे सगळं लिहून ठेवतोय, कारण दोन ट्यूनरचा बॉक्स असलेल्या कोणाच्याही घरी हे होऊ शकतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे बाकी सगळं आपोआप उलगडतं. दोन ट्यूनरच्या बॉक्सला साधारणपणे मागे डिशच्या दोन केबल लागतात, इनपुट एक आणि इनपुट दोन. वर छत्रीवर एलएनबीसुद्धा दोन तोंडांचा, म्हणजे दोन केबल जोडता येणारा असतो. तुम्ही एक चॅनेल पाहत असाल आणि दुसऱ्याचं रेकॉर्डिंग चालू असेल तर दोन्ही कामं वेगवेगळ्या ट्यूनरवर, म्हणजे वेगवेगळ्या केबलवर चाललेली असतात. आता समजा दुसऱ्या केबलमध्ये काही गडबड आहे, तर डोळ्यांसमोरचं चित्र चकाचक राहणार आणि रेकॉर्डिंग मात्र गुपचूप फाटत राहणार, आणि हे तुम्हाला कळणार रात्री. शिवाय लाइव्हमध्ये सेकंदभर चित्र तुटलं तर आपण विसरून जातो, रेकॉर्डिंगमध्ये तो सेकंद कायमचा बसतो, नंतर सिग्नल कितीही सुधारला तरी तो भाग काही दुरुस्त होत नाही.

आमच्याकडे सात वाजता बाबा बातम्या लावतात. म्हणजे पहिला ट्यूनर बाबांकडे आणि सिरियलचं रेकॉर्डिंग दुसऱ्यावर. बाबा चार दिवस अमरावतीला आत्याकडे गेले होते तेव्हा टीव्ही सिरियलच्याच चॅनेलवर राहिला होता आणि ते चारही दिवस रेकॉर्डिंग स्वच्छ आलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मग खात्री करायला सगळ्यात सोपी टेस्ट केली, बॉक्सच्या मागच्या दोन केबलची अदलाबदल. बॉक्स मेन स्विचपासून बंद करायचा (केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात, चालू बॉक्सला केबल काढ-घाल करताना शॉर्ट होऊ शकतं), इनपुट एकची केबल दोनला, दोनची एकला, परत चालू. आता जर त्रास लाइव्हमध्ये आला आणि रेकॉर्डिंग सुधारलं तर दोष केबलमध्ये किंवा वर एलएनबीच्या त्या तोंडात. अदलाबदल करूनही रेकॉर्डिंगच फाटत असेल तर दोष बॉक्सच्या दुसऱ्या ट्यूनरमध्ये किंवा हार्ड डिस्कमध्ये. पाच मिनिटांचं काम आहे आणि याने अर्धा शोध संपतो. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी बाबा ओरडले की बातम्या फुटून राहिल्या म्हणून. मला तर आनंदच झाला.

हार्ड डिस्कचा संशय असेल तर तेही ओळखता येतं. खराब झालेला भाग मागे घेऊन दोन-तीनदा लावून बघा. दरवेळी अगदी त्याच जागी तसंच फाटत असेल तर बहुतेक रेकॉर्ड होतानाच सिग्नल खराब होता. कधी इथे अडकतं, कधी तिथे, किंवा जुनी चांगली रेकॉर्डिंगसुद्धा आता अडकायला लागली असतील तर डिस्क थकली समजा. पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंग करणारे जे फ्री टू एअर (महिन्याचे पैसे न भरता चालणारे) बॉक्स मिळतात त्यांच्यात पेन ड्राइव्हच स्वस्तातला निघतो बऱ्याचदा, दुसरा लावून पाहणं हाच उपाय.

आता सिग्नलच्या आकड्यांबद्दल, कारण इथे सगळे फसतात. मेनूमध्ये दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून एकूण किती ताकद येऊन राहिली, त्यात कामाचा सिग्नल आणि फालतू गोंगाट दोन्ही धरलेलं असतं. क्वालिटी म्हणजे त्यातलं बॉक्सला समजतं किती. छत्री चुकीच्या उपग्रहाकडे असली तरी स्ट्रेंथ भरपूर दिसू शकते आणि क्वालिटी शून्य. त्यामुळे "सिग्नल फुल आहे" असं कोणी म्हटलं तर कोणती पट्टी पाहून म्हणतो ते विचारा. आणि डिजिटल सिग्नल जुन्या अँटेनासारखा हळूहळू मुंग्या येत खराब होत नाही, एका पातळीपर्यंत चित्र अगदी पूर्ण चांगलं असतं आणि त्याखाली गेलं की एकदम धाडकन फुटतं. म्हणून चित्र चांगलं दिसतंय याचा अर्थ सिग्नलला दम आहे असा होत नाही, कदाचित काठावरच उभा असेल. आमच्या बॉक्समध्ये इनपुट एकची क्वालिटी ८० च्या वर आणि इनपुट दोनची कधी ७५ तर कधी ४० च्या खाली. प्रत्येक बॉक्सचे आकडे वेगळे असतात त्यामुळे माझे आकडे घेऊ नका, स्वतःच्या दोन इनपुटची एकमेकांशी तुलना करा. दोघांत मोठा फरक दिसला तर छत्री फिरवू नका, छत्री दोघांची एकच आहे, ती चुकली असती तर दोन्ही पडले असते. आमच्याकडे पहिल्या माणसाने नेमकं हेच केलं होतं.

पण मग एक दिवस चांगलं आणि एक दिवस खराब हे काऊन? याच्यासाठी मी वहीत रोज वेळ लिहायला लागलो. खराबी सुरू होण्याची वेळ, हवा कशी होती, घरात काय चालू होतं. आठव्या दिवशी दिसलं की खराब दिवस म्हणजे नळाचे दिवस. आमच्या इकडे, नागपुरात मानेवाड्याच्या बाजूला, आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतात, नळ आले की संध्याकाळी साडेसहाला मोटर लावायची आणि टाकी भरली की वरच्या पाइपातून पाणी वाहायला लागलं की बंद करायची, ही आमच्या घराची पद्धत. मी गच्चीवर जाऊन पाहिलं तर टाकीच्या त्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली, स्लॅबवरच, दुसऱ्या केबलचा जॉइंट पडलेला. बसवताना केबल कमी पडली असणार, मग दोन तुकडे जॉइंटरने जोडले आणि वरून काळी टेप गुंडाळली. इतक्या वर्षांच्या उन्हात ती टेप वाळून पापडासारखी झालेली. सातच्या आधी टाकी वाहायची, जॉइंट भिजायचा, रेकॉर्डिंग फाटायचं. सकाळपर्यंत वाळून जायचा. आणि माणूस यायचा सकाळी अकराला, कोरड्या जॉइंटवर. त्याला सापडणार कसं.

जॉइंटर उघडला तर आतली तार हिरवट-पांढरी झाली होती. केबलमध्ये सतत डीसी व्होल्टेज असतं, त्यात ओल लागली की तांबं फार लवकर कुजतं, त्यामुळे एकदा पाणी शिरलेला जॉइंट पुसून परत लावण्यात अर्थ नाही. केबलच्या मधल्या तारेभोवती जी धातूची जाळी असते तिच्यातून पाणी आत दूरपर्यंत सरकलेलं असतं. मी दोन्ही बाजूंचा काळा पडलेला भाग कापून पाहिला, एका बाजूला दीड हात कापूनही काळंच, म्हणून सरळ पूर्ण केबल नवीन टाकली, छत्रीपासून बॉक्सपर्यंत अखंड, मधे एकही जॉइंट नाही. केबल आरजी-६ प्रकारची घ्या, बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मीटरवर मिळते, वरची जाळी दाट आहे का ते कापून बघून घ्या, स्वस्त केबलमध्ये जाळी अगदी नावाला असते.

पिना (केबलच्या टोकाचे कनेक्टर) लावताना एक काळजी. जाळीचा एकही बारीक केस मधल्या तारेला लागता कामा नये, लागला तर शॉर्ट होऊन एलएनबीला व्होल्टेजच जात नाही. मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर, त्यापेक्षा फार लांब नको. गच्चीवरच्या पिनेवर साधी काळी टेप पुरत नाही, नागपूरचं ऊन ती दोन उन्हाळ्यांत खाऊन टाकतं. स्वतःला चिकटणारी रबरी टेप मिळते ती ताणून गुंडाळायची आणि वरून पीव्हीसी टेप. एलएनबीच्या तोंडापाशी केबल सरळ वरून खाली येऊन पिनेत शिरत असेल तर पावसाचं पाणी तारेवरून ओघळत तिथेच जमा होतं, म्हणून केबलला पिनेच्या खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे थेंब झोळातून गळून पडतात. हा झोळ मी तरी आमच्या गल्लीत एकाही छत्रीला पाहिला नाही. आता नळाच्या दिवशीही इनपुट दोन ८० वर असतं.

हे झालं आमचं. पण शोधताना शेजारच्या चार-पाच घरांच्या छत्र्याही पाहिल्या, काही जणांना वेगळाच त्रास निघाला, तेही सांगतो.

समोरच्या काकूंकडे दोन्ही इनपुट कमी होते. तिथे कारण झाड निघालं. छत्री बसवली तेव्हा शेजारच्या कंपाउंडातला कडुनिंब लहान होता, आता तो दोन मजले चढला. काकूंकडे त्रास एप्रिलमध्ये सुरू झाला कारण पानगळीनंतर नवीन पालवी भरून आली, आणि वारा सुटला की फांदी हलते तसं चित्र जातं-येतं. झाड आडवं येतं का हे पाहायला एक भारी युक्ती आहे. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या इथून पाहिला तर उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, त्याच्यासाठी नागपुरात हे ११ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि २ ऑक्टोबरच्या आसपास सकाळी अकराच्या सुमारास घडतं. ज्यांचा उपग्रह ८३ अंशावर आहे त्यांचं साधारण त्याच दिवशी, पण दुपारी बाराच्या मागेपुढे. त्या वेळी छत्रीवर फांदीची सावली असेल तर फांदी आडवी आहे, नसेल तर झाडाला दोष देऊ नका. त्याच दिवसांत काही मिनिटं सिग्नल आपोआपच जातो कारण सूर्याचा गोंगाट सरळ छत्रीत पडतो, चार-सहा दिवस रोज त्याच वेळी जाईल आणि आपोआप थांबेल. त्यासाठी कोणाला बोलावून पैसे देऊ नका.

दिशा स्वतः तपासायची असेल तर नागपुरातून ९३.५ अंशाचा उपग्रह कंपासवर साधारण १४४-१४५ अंशांवर, म्हणजे आग्नेयेपासून थोडा दक्षिणेकडे, आणि क्षितिजापासून ६० अंश उंच आहे. ८३ अंशवाला जवळपास १६९ वर, ६५ अंश उंच. कंपास लोखंडी पाइपाजवळ धरू नका, चार पावलं दूर उभं राहून बघा. आणि छत्रीचा चेहरा दिसतो तिकडेच ती पाहत नाही, आपल्या घरच्या छत्र्यांचा एलएनबी खालून पुढे आलेला असतो त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा बरंच वर पाहते. त्यामुळे "समोर काहीच नाही" असं नुसत्या डोळ्याने ठरवू नका. फिरवायच्या आधी पाइप ओळंब्यात आहे का ते बघा आणि सध्याच्या जागेवर मार्करने खूण करून ठेवा. नट पूर्ण ढिले करायचे नाहीत, अगदी केसभर सरकवायचं आणि क्वालिटीचा आकडा बदलायला दोन-तीन सेकंद थांबायचं, घाई केली की बरोबर जागा निघून जाते.

संक्रांतीनंतर ज्यांचा त्रास सुरू झाला असेल त्यांनी मांजा बघावा. आपल्याकडे जानेवारीत अख्खं आकाश पतंगांचं असतं आणि मांजा एलएनबीच्या दांड्याला अडकून कोणीतरी ओढतं, त्याने दांडा वाकतो. दांडा थोडासा जरी वाकला तरी क्वालिटी पडते. मांजा हाताने ओढू नका, हात कापतो, कात्रीने कापा. एलएनबीच्या छत्रीकडच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकणही एकदा पाहून घ्या, उन्हाने तडकलेलं असेल तर पहिल्या पावसात आत पाणी. एका ठिकाणी तर झाकणाच्या फटीतून गांधीलमाशीने आत मातीचं घर केलेलं होतं.

अर्धे चॅनेल येतात आणि अर्धे नाहीत असा त्रास असेल तर तो बहुतेक वेळा छत्रीचा नसतो. एलएनबी १३ व्होल्ट मिळाले की एका प्रकारचे सिग्नल घेतो आणि १८ व्होल्ट मिळाले की दुसऱ्या. ॲडॉप्टर जुना होऊन थकला किंवा केबल फार लांब आणि बारीक असली की १८ चे वर पोचेपर्यंत कमी होतात, एलएनबीला वाटतं १३ चं सांगितलं आणि १८ वाले सगळे चॅनेल गायब. मे महिन्यात ४५-४६ डिग्रीला बंद शोकेसमध्ये ठेवलेला बॉक्स आणि त्याचा ॲडॉप्टर दोन्ही भाजून निघतात, वर परत आपण कव्हर घालतो. बॉक्स उघड्यावर ठेवा, हार्ड डिस्कवाला असेल तर नक्कीच. एक केबल आणि साधा स्प्लिटर लावून दोन्ही इनपुट चालवायचा प्रयत्नही कोणी कोणी करतं, त्यात हाच घोळ होतो, एक ट्यूनर १३ मागतो आणि दुसरा १८, एलएनबी एकाचंच ऐकतो.

दोन-चारच ठराविक चॅनेल फुटत असतील आणि बाकी सगळे ठीक, तर घराजवळ मोबाइलचा टॉवर आहे का पाहा. एलएनबी उपग्रहाची फ्रिक्वेन्सी कमी करून केबलमध्ये पाठवतो, आपल्याकडच्या साध्या युनिव्हर्सल एलएनबीमध्ये ११,५५० मेगाहर्ट्झचा सिग्नल ९,७५० वजा होऊन १,८०० मेगाहर्ट्झवर येतो आणि १,८०० च्या आसपास मोबाइलही चालतो. जाळी दाट आणि पिना घट्ट असल्या तर काही होत नाही, नाहीतर मोबाइलचा सिग्नल केबलमध्ये शिरतो. अशा वेळी लोक बूस्टर लावतात. लावू नका. बूस्टर गोंगाटही तेवढाच वाढवतो, स्ट्रेंथची पट्टी भरते आणि क्वालिटी तिथेच राहते.

पावसाचं सांगायचं तर जोरदार पावसात सिग्नल जाणं हे ह्या फ्रिक्वेन्सीचं नेहमीचंच आहे, पाऊस थांबला की येतो. पण साध्या रिमझिमीत जात असेल तर सिग्नल आधीच काठावर आहे, तेव्हा पावसाळ्याची वाट न पाहता मे महिन्यातच सगळं तपासून घ्या. गच्चीवर जायचं ते सकाळी आठच्या आत, दुपारी स्लॅब पाय ठेवण्यासारखा नसतो आणि तापलेल्या डोक्याने नट-बोल्टचं काम नीट होत नाही. विजेची तार छत्रीजवळून जात असेल किंवा आभाळ कडाडत असेल तर वर जाऊच नका, सिरियल एक दिवस नाही दिसली तरी चालते.

टेक्निशियन बोलवायची वेळ आली तर तो यायच्या आधी खराब रेकॉर्डिंग लावून तयार ठेवा, दोन्ही इनपुटची क्वालिटी वेगवेगळी लिहून ठेवा आणि त्रास ज्या वेळी होतो त्याच वेळी त्याला बोलवा. आम्ही हे पहिल्यांदाच केलं असतं तर एलएनबीचे पैसे वाचले असते. आईने काल रात्री दोन्ही सिरियल सलग पाहिल्या, नळ आले होते, टाकीही वाहिली होती. मी अजून रोज सातला मेनू उघडून इनपुट दोनचा आकडा वहीत लिहितोय, पहिला मोठा पाऊस होईपर्यंत लिहिणार आहे.